ट्रकच्या पाठीमागचा डोळा

तुरीची पारख कशी करावी, भाव तेजीत असता माल धरावा की सोडावा, उधारी किती दिवस जाऊ द्यावी, या विषयांवर आपापल्या पेढीवर बसून आपण आयुष्यभर बोलत आलो. परंतु दाराशी आलेली मालाची गाडी वखारीच्या कट्ट्याला मागे कशी लावावी, याविषयी चार व्यापारी गंभीरपणे विचार करीत बसले आहेत असे दृश्य आम्ही चाळीस वर्षांच्या धंद्यात पाहिलेले नाही. ते काम ड्रायव्हरचे, असे आपण धरून चालतो. आम्हीही तसेच धरून चाललो होतो. ते चुकीचे होते हे आम्हास फार उशिरा कळले. आणि त्यानंतर जे एक साधन आम्ही घरीच तयार केले ते कोणाही सभासद बंधूस करता येण्याजोगे आहे, म्हणून हा लेख.

आमची वखार बेळगावात रविवार पेठेच्या मागच्या अंगास, एका अरुंद बोळाच्या टोकाशी आहे. सन २०२१ च्या फेब्रुवारीत कलबुर्गीकडील तुरीची एक गाडी दिवेलागणीच्या वेळी बोळात आली. ड्रायव्हर पोरसवदा, आमच्या बोळात प्रथमच आलेला. जोडीला क्लीनर नाही. आम्ही पेढीच्या पायरीवर, गाडीच्या तोंडाशी उभे होतो. तेथून गाडीची मागची बाजू आम्हास दिसत नव्हती, आणि ड्रायव्हरलाही दिसत नव्हती. त्याने खिडकीतून मान बाहेर काढून ‘सावकार, येऊ का?’ असे विचारले, तेव्हा आम्ही हाताने मागे घेण्याची खूण केली. त्याच वेळी आमच्याकडील सर्वांत जुने हमाल, ज्यांना सारी पेठ मामा म्हणते, आधीच्या गाडीतून सांडलेली तूर सुपात भरून घेण्यासाठी कट्ट्याच्या पायथ्याशी वाकलेले होते. गाडीच्या मागचा लोखंडी गार्ड आणि कट्ट्याची भिंत यांच्यामध्ये त्यांचा डावा पाय सापडला. पाय राहिला, परंतु पन्नास किलोचे पोते पाठीवर घेऊन फळी चढण्याचे त्यांचे दिवस त्या संध्याकाळी संपले. मामा आज आमच्याकडेच पोत्यांची मोजदाद ठेवतात. त्यांनी आम्हास त्याविषयी कधी एक शब्द बोलून दाखवलेला नाही. पोलिसांत ड्रायव्हरवर कागद झाला. खूण ज्याने केली त्याचे नाव त्या कागदात कोठेही आले नाही.

हे घडते कसे, ते आधी नीट समजून घेतले पाहिजे. मोटारीला मागे काच असते आणि आतल्या आरशातून तिच्यातून पाहता येते. ट्रकला केबिनच्या मागे हौदा, हौद्यात माल, मालावर ताडपत्री. ड्रायव्हरला आधार तो फक्त दोन्ही बाजूंच्या आरशांचा. आणि हे आरसे गाडीच्या कडा व कडांबाहेरचा भाग दाखवतात, गाडीच्या नेमक्या पाठीमागचा पट्टा दाखवीत नाहीत. आरसा कितीही मोठा घेतला तरी त्याला हौद्याच्या आरपार दिसणार नाही. उभा माणूस तेथे दिसत नाही, मग वाकलेला माणूस, मूल, कुत्रे यांची गोष्टच सोडा. पूर्वी ही उणीव क्लीनर भरून काढीत असे. गाडीच्या मागच्या कोपऱ्याशी उभा राहून पत्र्यावर थाप मारीत ‘येऊ दे, येऊ दे’ म्हणणारा तो पोऱ्या आता दिसेनासा झाला आहे. भाड्यात परवडत नाही, असे वाहतूकदार सांगतात, आणि भाडे घासून घासून कमी करणारे आपणच असल्यामुळे त्यांना उत्तर देणे आपल्याला जड जाते.

गाडीच्या मागे कॅमेरा लावण्याची कल्पना मुळीच नवी नाही. अमेरिकेत जनरल मोटर्सने १९५६ साली ब्यूइक सेंच्युरियन नावाची एक प्रदर्शनापुरती मोटार तयार केली. तीत आरशाऐवजी मागे दूरचित्रवाणीचा कॅमेरा आणि चालकापुढे पडदा अशी योजना होती. जपानात १९९१ मध्ये टोयोटाच्या सोअरर या मोटारीत असा कॅमेरा प्रत्यक्ष विक्रीस आला. सक्ती मात्र फार उशिरा झाली, आणि तीही एका घरातील दुःखातून. २००२ साली अमेरिकेत एका बालरोगतज्ज्ञाच्या हातून घराच्या आवारात गाडी मागेपुढे करताना त्याचाच दोन वर्षांचा मुलगा दगावला. त्या मुलाच्या नावाने २००८ मध्ये कायदा झाला, आणि १ मे २०१८ पासून तेथील नव्या गाड्यांना मागचे दाखवणारा कॅमेरा अनिवार्य झाला. पण हा नियम १०,००० पौंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे साडेचार टनांपर्यंतच्या गाड्यांचा. त्याहून जड ट्रक त्यातून वगळलेले. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींना मागील अडथळ्याची सूचना देणारे सेन्सर सक्तीचे झाले. आमच्या बोळात येणारे ट्रक मात्र बहुधा दहापंधरा वर्षे वापरलेले, आणि कॅमेरा म्हणाल तर शंभरातील एखाद्याला असला तर असला.

अपघातानंतर आमच्या मनात प्रथम आले ते हेच, की ट्रकमालकांनी कॅमेरे बसवावेत. तसे आम्ही दोघातिघांना सांगूनही पाहिले. पुढे विचार करता आमच्या लक्षात आले की, आमच्या दाराशी आज येणारी गाडी उद्या येत नाही. आज कलबुर्गीची, उद्या लातूरची, परवा इंदूरची. मालक वेगळा, ड्रायव्हर वेगळा, हौदा वेगळा. कायम आहे तो बोळ, कट्टा आणि कट्ट्यावरची माणसे. धोका ज्या जागी आहे त्या जागेचे मालक आपण. तेव्हा कॅमेराही गाडीचा नसून वखारीचा असावा. येईल त्या गाडीला दोन मिनिटांत लावावा, गाडी कट्ट्याला टेकली की काढून घ्यावा. वजनकाटा जसा वखारीचा असतो, तसाच हाही. एवढे एकदा ठरल्यावर पुढचे सारे प्रश्न आपोआप सुटत गेले.

आमचा पुतण्या पॉलिटेक्निकमध्ये शिकतो. त्याचा पहिला सल्ला असा की, बिनतारी कॅमेरा घ्यावा, चित्र ड्रायव्हरच्या मोबाइलवर दिसेल, तारेची कटकट नाही. तसा घेतला. रिकाम्या आवारात तो छान चालला; पण भरलेल्या ट्रकमागे लावताच चित्र अडखळू लागले, कारण मध्ये हौद्याचे लोखंड आणि भोवती पेठेतील प्रत्येक दुकानाच्या वायफायची गर्दी. चित्र उशिरा पोचते की काय अशी शंका आल्यावर पुतण्याने एक सोपी परीक्षा केली. एका मोबाइलवर सेकंदांचे घड्याळ सुरू करून तो कॅमेऱ्यापुढे धरला, आणि खरे घड्याळ व पडद्यावरचे घड्याळ यांचा मिळून एक फोटो काढला. दोहोंत अर्ध्या सेकंदाहून अधिक फरक निघाला. हा फरक किरकोळ वाटेल; पण हिशेब करून पाहावा. ताशी पाच किलोमीटर, म्हणजे माणसाच्या चालण्याच्या वेगाने मागे येणारी गाडी अर्ध्या सेकंदात सुमारे सत्तर सेंटिमीटर, म्हणजे सव्वादोन फूट सरकते. मामांच्या पायाला तेवढेही अंतर मिळाले नव्हते.

त्याहून वाईट गोष्ट दुसऱ्याच दिवशी ध्यानात आली. संदेश तुटला की अशा कॅमेऱ्याचे चित्र नाहीसे होत नाही, शेवटच्या क्षणाला गोठून राहते. रिकाम्या आवाराचे गोठलेले चित्र आणि रिकाम्या आवाराचे जिवंत चित्र यांत पाहणाऱ्याला काहीच फरक कळत नाही. ड्रायव्हर निश्चिंतपणे मागे येत राहतो. जे साधन बिघडल्यावर बिघडलेले दिसत नाही ते नसलेले बरे, असे आमचे स्पष्ट मत झाले, आणि तो कॅमेरा आम्ही पुतण्याला परत दिला. सांप्रत त्याच्या आईच्या स्वयंपाकघरात तो मांजरावर लक्ष ठेवतो.

मग तारेचा कॅमेरा. मोटारीच्या सामानाच्या दुकानात १२ व्होल्टवर चालणारा, पाण्यापासून सुरक्षित म्हणजे आयपी ६७ असा शिक्का असलेला, सुमारे १२० ते १४० अंशांचा पसारा पाहणारा कॅमेरा मिळतो. याहून अधिक अंशांचा घेण्याचा मोह टाळावा. त्यात कडा वाकड्या दिसतात आणि अंतराचा अंदाज चुकतो. पडदा सात इंची घ्यावा. तार पंधरा मीटर. ट्रक-बससाठी जी मिळते तीच मागावी. तिच्या टोकांना चार पिनांचा, फिरवून घट्ट बसणारा कनेक्टर असतो, आणि कॅमेऱ्याला जाणारी वीज व तेथून येणारे चित्र ही दोन्ही त्या एकाच तारेतून जातात. तार तुटली तर पडदा काळा किंवा निळा पडतो. ड्रायव्हरला ते तात्काळ कळते, आणि तो थांबतो. आम्हाला हवे होते ते हेच.

विजेच्या बाबतीत आम्ही एक चूक केली, ती सांगून टाकतो. मोठ्या ट्रकची वीज २४ व्होल्टची असते, लहान टेम्पो, पिकअप व ट्रॅक्टर यांची १२ व्होल्टची. आम्ही आमचा १२ व्होल्टचा पडदा एका दहाचाकी ट्रकच्या सिगरेट-लायटरच्या खोबणीत लावला. वास आला, आणि पडदा गेला. तेव्हापासून परक्या गाडीची वीज घ्यायचीच नाही असा नियम केला. संगणकाच्या यूपीएसमध्ये असते तशी १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासांची बंदिस्त बॅटरी आणली. कॅमेरा व पडदा मिळून आमच्याकडे सुमारे अर्धा अँपिअर वीज खातात; म्हणजे कागदावर चौदा तास. परंतु अशी बॅटरी निम्म्याहून अधिक उतरू देऊ नये, तिचे आयुष्य घटते. म्हणून सात तास धरावेत. एका गाडीला दहा मिनिटे, दिवसाला सहा गाड्या, म्हणजे रोजचा एक तास. आठवड्यातून एकदा, बाजाराच्या सुटीच्या दिवशी, १३.८ व्होल्टवर स्थिर राहणाऱ्या चार्जरवर ती ठेवली की पुरते. बॅटरीच्या धन टोकाला लागूनच दोन अँपिअरचा फ्यूज बसवावा. तो पन्नास रुपयांच्या आतला जिन्नस आहे, पण तार कोठे चिरडली गेली तर आग लागण्यापासून तोच वाचवतो. बॅटरी, फ्यूज आणि बटण हे सर्व आम्ही वडिलांच्या वेळच्या लाकडी गल्लापेटीत बसवले असून हवा खेळावी म्हणून तिच्या बाजूला चार भोके पाडली आहेत. पडदा मात्र पेटीत न ठेवता ड्रायव्हरच्या पुढ्यात, काचेखालच्या फळीवर ठेवावा. मान खाली घालून पाहावे लागले तर त्याचे आरशांकडे दुर्लक्ष होते.

कॅमेरा गाडीला धरून ठेवण्यासाठी रबर चढवलेले लोहचुंबक वापरावेत, असे सर्वजण सांगतात. लोखंडी हौद्याला ते उत्तम. पण आपल्याकडे लाकडी हौद्याच्या गाड्या कमी नाहीत, आणि लाकडाला चुंबक धरत नाही हे सांगायला मॅट्रिकची परीक्षा लागत नाही. आम्ही लोहाराकडून वीतभर लोखंडी पट्टीचा तुकडा करून घेतला, त्यावर कॅमेरा पक्का केला, मागे दोन चुंबक लावले, आणि शेजारी सुताराचा एक लहान शिकंजा जोडला. लोखंड असेल तेथे चुंबक, लाकूड असेल तेथे शिकंजा. शिवाय एक नायलॉनची दोरी साखळीच्या कडीत अडकवायची, म्हणजे निसटला तरी कॅमेरा चाकाखाली जात नाही. उंची सहा-साडेसहा फूट, हमालाचा हात शिडीशिवाय पोहोचेल एवढी. तोंड खाली असे झुकवावे की चित्राच्या खालच्या कडेला गाडीचा मागचा गार्ड थोडासा दिसत राहील. तो दिसला नाही तर अंतर कशापासून मोजायचे ते कळत नाही. तार ड्रायव्हरच्या बाजूने, चाकांच्या वरून, तीन ठिकाणी लहान चुंबकांनी धरून खिडकीतून आत घ्यावी. जमिनीवरून कदापि नेऊ नये.

पहिल्या दिवशीच आणखी एक गोष्ट तपासावी. गाडीच्या उजव्या बाजूस माणूस उभा करावा; तो पडद्यावरही उजवीकडेच दिसला पाहिजे. डावीकडे दिसला, तर तो कॅमेरा समोर पाहण्यासाठी लावायच्या स्थितीत आहे. पुष्कळ कॅमेऱ्यांच्या तारेत एक लहानसे रंगीत वेटोळे असते, ते कापले की चित्र उलटते. कोणते कापायचे ते सोबतच्या कागदावर पाहून मगच कात्री चालवावी.

पडद्यावर हिरव्या-पिवळ्या-तांबड्या रेघा दाखवणारे कॅमेरे मिळतात. आमच्या मते त्या बंद कराव्यात. त्या रेघा ठरावीक उंचीवर कायम बसवलेल्या कॅमेऱ्यासाठी असतात. आमचा कॅमेरा दर गाडीला बोटभर वर, बोटभर खाली बसणार, आणि मग त्याच रेघा खोटे बोलू लागणार. खरी रेघ जमिनीवरच ओढावी. कट्ट्यापासून दहा फुटांवर पिवळा पट्टा, तीन फुटांवर तांबडा. पिवळा गार्डखाली गेला की गाडी थांबवायची, तांबडा गार्डखाली गेला की हमालाच्या आवाजावरच इंच-इंच यायचे. कॅमेरा वखारीचा असल्याचा हा एक लाभ, की फूटपट्टीही वखारीच्याच जमिनीवर रंगवून ठेवता येते. चाकांना अडवणारा जाड लाकडी ओंडका आम्ही जमिनीत बसवून घेतला आहे. तो विजेशिवाय काम करतो.

कॅमेरा लावण्यासाठी माणसाला गाडीच्या मागे जावे लागते, आणि धोका नेमका तेथेच आहे. यावर उपाय मामांनी सुचवला. बोळाच्या तोंडाशी गाडी थांबली की इंजिन बंद, हँडब्रेक ओढलेला, आणि चावी हमालाच्या हाती. तो कॅमेरा लावून पुढे येतो, ड्रायव्हरला पडदा देतो आणि मगच चावी देतो. गाडी कट्ट्याला लागली की चावी पुन्हा काढून खुंटीवर. माल उतरून, सांडलेले धान्य झाडून, कॅमेरा पेटीत गेल्याचे दिवाणजींनी पाहिल्याशिवाय चावी खुंटीवरून निघत नाही. प्रारंभी काही ड्रायव्हरांना हा अपमान वाटला. एकाने ‘सावकार, मी काय पळून जातोय काय?’ असे विचारले. पळून जाण्याचा प्रश्न नव्हता. पण त्याच्या आधी आलेला एक गृहस्थ घाईत कॅमेऱ्यासकट बोळाबाहेर पडला होता आणि आमची पंधरा मीटर तार तोडून गेला होता. चावीचा नियम त्याच आठवड्यात पक्का झाला.

आता या साधनाच्या मर्यादा. आमच्या वखारीचे तोंड पश्चिमेला, त्यामुळे कट्ट्याला लागणाऱ्या गाडीच्या मागे पश्चिमेचा सूर्य नसतो. ज्यांचे याच्या उलट असेल त्यांना दुपारनंतर चित्र पांढरे दिसेल, त्यांनी कॅमेऱ्यावर पत्र्याची टोपी करावी. भुसा आणि कोंडा यांनी काच दर वेळी माखते, म्हणून पेटीत एक मऊ फडके बांधलेलेच असावे. अंधारात कॅमेऱ्याचे अंगचे दिवे चार पावलांपलीकडे फारसे कामाचे नाहीत. खरे सांगायचे तर कॅमेऱ्याच्याही आधी कट्ट्यावर एक मोठा दिवा लावायला हवा होता. २०२१ साली तोही आमच्याकडे नव्हता. आणि पडद्यात डोळे घालून बसलेला ड्रायव्हर वळताना गाडीचे तोंड बोळाच्या भिंतीला घासतो, हे दोनदा झाले आहे. तेव्हा उजव्या आरशात दिसेल असा एक माणूस उभा राहिलाच पाहिजे. आता मात्र तो गाडीच्या मागे नसून बाजूला असतो.

ट्रॅक्टर-ट्रॉलीची गोष्ट थोडी निराळी आहे. बैलहोंगल, सौंदत्तीकडचे शेतकरी ट्रॉलीतून माल आणतात. ट्रॉली मागे घेताना तिचे बूड उजवीकडे न्यायचे तर सुकाणू आधी डावीकडे फिरवावे लागते. नवशिक्याला पडदा पाहून त्याचा अधिकच गोंधळ होतो. दोन ट्रॉल्या जोडलेल्या असतील तर मागे घेण्याच्या भानगडीतच पडू नये, मागची सोडावी. पण कॅमेऱ्याचा खरा उपयोग आम्हास तेथे वेगळ्याच जागी सापडला. सोडलेली ट्रॉली पुन्हा जोडताना एक माणूस ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांच्यामध्ये उभा राहून दांडी धरतो आणि ट्रॅक्टर त्याच्या अंगावर मागे येतो, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कॅमेरा ट्रॅक्टरच्या मागे खाली तोंड करून लावला आणि दांडी एका ठोकळ्यावर टेकवून ठेवली की हुक आणि कडी दोन्ही पडद्यावर दिसतात. कडी हुकाशी आली की ट्रॅक्टर बंद करायचा, आणि मग माणसाने मध्ये जाऊन खिट्टी घालायची. एका शेतकऱ्याने हे पाहून तसाच कॅमेरा स्वतःसाठी नेला.

खर्चाचा आकडा व्यापारी मंडळी विचारणारच. जळालेला पडदा आणि बिनतारी कॅमेरा हे आमच्या अज्ञानाचे खाते सोडून दिले, तर कॅमेरा, पडदा, तार, बॅटरी, चार्जर आणि लोहाराची मजुरी मिळून आम्हास सात हजारांच्या आसपास पडले. २०२५-२६ च्या हंगामासाठी सरकारने तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये जाहीर केला होता. म्हणजे एक क्विंटल तुरीच्या आत हे सारे बसते.

पेटी आमच्या वखारीच्या दारामागे, चावीच्या खुंटीखाली असते, आणि ती मामांच्या ताब्यात आहे. लोखंडी पट्टीचे माप कागदावर काढून ठेवले आहे. ज्या सभासद बंधूंना ते हवे असेल त्यांनी दुपारी चारनंतर, गाड्या येण्याच्या वेळी यावे, म्हणजे लावताना-काढताना प्रत्यक्ष पाहता येईल. येताना आपल्या कट्ट्याची उंची आणि बोळाची रुंदी तेवढी मोजून आणावी.